'स्टार्ची' म्हणजे काय? तुमच्या मेसेजला खळ जास्त झालीय का?

आजचा शब्द आहे 'स्टार्ची'. बटाटा, साबुदाणा स्टार्ची असतो हे आपल्याला माहीत आहे, पण इंग्रजीत माणूससुद्धा स्टार्ची असतो बरं का. स्टार्च म्हणजे आपली कपड्याची खळ. खळ घातलेला कपडा जसा ताठ राहतो, तसं ज्याचं बोलणं-लिहिणं नको इतकं औपचारिक, तो स्टार्ची. 16व्या शतकात इंग्लंडमधली श्रीमंत मंडळी गळ्याभोवती खळ दिलेली मोठी चुणीदार कॉलर घालायची. मान वळवायची पंचाईत!

फॉर्मल आणि स्टार्ची एकच नाही. 'फॉर्मल' हा साधा शब्द आहे, 'स्टार्ची'मध्ये टोमणा आहे. 'हर ईमेल वॉज अ बिट स्टार्ची' म्हणजे मॅडमचा ईमेल जरा जास्तच ताठ होता. त्यामुळे स्वतःच्या प्रोफाइलवर कौतुकाने हा शब्द टाकू नका.

आता धंद्याचं बघू. व्हॉट्सॲपवर गिऱ्हाईक विचारतं, "ताई, भाजणीची चकली आहे का?" आणि उत्तर जातं, "आपल्या चौकशीबद्दल धन्यवाद. आपली विनंती नोंदविण्यात आली आहे." अहो, चकली आहे की नाही? "आहे ना, अर्धा किलो ठेवू का?" एवढं लिहिलं तर ऑर्डर तिथेच पक्की होते.

गंमत म्हणजे उधारी मागताना हीच मंडळी एकदम मऊ. "दादा, जमलं तर बघा ना पैशाचं." इथे मात्र ताठच लिहा: "बिल क्र. 118, दि. 4 जून, रक्कम 18,500 रुपये. मुदत 19 जूनला संपली. कृपया शुक्रवारपर्यंत रक्कम जमा करावी."

हा ताठपणा कायद्यालाही धरून आहे. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार, उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात. ती मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लेखी काहीच ठरलं नसेल तर फक्त 15 दिवस. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांना हे संरक्षण आहे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदारांना उद्यम नोंदणी असली तरी ते मिळत नाही. त्यांनी उधारीची मुदत बिलावरच छापून घ्यावी आणि माल देताना त्यावर सही घ्यावी.