पारा सातवर, टायर वाऱ्यावर!

नोव्हेंबर सुरू झाला की जर्मनीत मास्टर्स करायला गेलेल्या मित्रमंडळींचे फोटो यायला लागतात. पहिला बर्फ, पहिलं जाडजूड जॅकेट आणि चौघांनी वर्गणी काढून एका वीकेंडसाठी भाड्याने घेतलेली स्पोर्ट्स कार! स्टुटगार्ट म्हणजे पोर्शे आणि मर्सिडीजचं माहेरघर. आखेन, म्युनिक, इंगोलश्टाट इथेही गाड्यांवर प्रेम करणारी मराठी पोरं-पोरी दरवर्षी जातात. शिवाय ऑटोबानच्या काही पट्ट्यांवर वेगाला मर्यादाच नाही. मग हात शिवशिवणारच!

पण त्या फोटोत एक गोष्ट कुणीच झूम करून बघत नाही. ती म्हणजे टायर. ते जर उन्हाळी असतील आणि बाहेर तापमान दोन अंश असेल, तर चारशे हॉर्सपॉवरची ती गाडी चालवणं हा खेळ राहत नाही. मग रस्ता कोरडा असो, नाहीतर छान ऊन पडलेलं असो.

च्युइंगमचा प्रयोग

टायर म्हणजे रबर आणि रबर म्हणजे लवचीक, हे आपण गृहीतच धरतो. एक सोपा प्रयोग करा. च्युइंगम चघळताना बर्फाच्या पाण्याचा घोट घ्या. क्षणात ते दाताखाली कडक होतं. टायरच्या रबराचंही साधारण असंच होतं. रबर म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्यांचा गुंता. ऊब असते तोवर या साखळ्या वळवळतात, ताणल्या जातात, परत मूळ जागी येतात. थंडी वाढत गेली की त्यांची हालचाल मंदावते आणि एका तापमानाखाली रबर चक्क काचेसारखं वागायला लागतं. पॉलिमर सायन्स शिकणाऱ्यांनी याला 'ग्लास ट्रान्झिशन' म्हणतात हे वाचलेलं असेलच.

आता गंमत बघा. नैसर्गिक रबराचं हे तापमान उणे सत्तरच्या आसपास आहे. मग सात अंशांना घाबरायचं काय कारण? कारण टायर नुसत्या नैसर्गिक रबराचा नसतो. कृत्रिम रबर, सिलिका, कार्बन ब्लॅक, तेलं असं बरंच काही त्यात असतं. स्पोर्ट्स कारच्या टायरचं मिश्रण मुद्दाम असं बनवतात, की तापलेल्या डांबरावर जोरात ब्रेक मारला, वळण घेतलं, तरी ते रस्त्याला घट्ट धरून राहील. त्यासाठी त्याचं काच होण्याचं तापमान वर सरकवलेलं असतं. म्हणजे ज्या गुणासाठी आपण त्या टायरचे जास्तीचे पैसे मोजतो, तोच गुण थंडीत अंगाशी येतो. हा टायरचा दोष नव्हे, त्याला जे काम दिलंय त्याची ती किंमत आहे.

सात अंश सेल्सिअस हा युरोपात सर्रास सांगितला जाणारा ठोकताळा आहे. आठवर सगळं ठीक आणि सहावर गाडी गटारात, असं काही नसतं. पकड हळूहळू कमी होत जाते, म्हणूनच ती लक्षात येत नाही. ट्रॅकवर पळण्यासाठी बनवलेल्या काही टायरबाबत तर कंपन्याच बजावतात, की उणे सात अंशांखाली गाडी जागची हलवूसुद्धा नका, रबराला तडे जाऊ शकतात!

थंडीने कडक झालेलं रबर काय करू शकतं, हे जगाने २८ जानेवारी १९८६ रोजी पाहिलं. 'चॅलेंजर' यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं आणि सात अंतराळवीर गेले. कारण शोधताना नजर गेली ती रॉकेटच्या जोडात बसवलेल्या रबरी कड्यांवर. नंतर चौकशी आयोगासमोर रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला. चिमटा काढल्यावर रबर लगेच मूळ आकारात आलंच नाही. टायरची गोष्टही हीच आहे. रस्त्याच्या बारीक खडबडीत खाचांमध्ये क्षणाक्षणाला घुसणं आणि परत बाहेर येणं रबराला जमलं नाही, तर पकड येणार कुठून?

अकरावीचं फिजिक्स

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाताना करकचून ब्रेक दाबला. घर्षणाचा गुणांक ०.८ धरला, म्हणजे चांगला कोरडा रस्ता आणि चांगले टायर, तर गाडी साधारण १२ मीटरमध्ये थांबते. दाबून बसलेल्या बर्फावर हाच गुणांक ०.२ धरा, अंतर होतं ४९ मीटर. काचेसारख्या गुळगुळीत बर्फावर ०.१ धरलात, तर जवळजवळ १०० मीटर! आणि वेग दुप्पट केला की हे अंतर चौपट होतं. वेगाचा वर्ग असतो, हे सूत्र परीक्षेपुरतं पाठ केलं असलं तरी रस्ता ते विसरत नाही.

स्पोर्ट्स कारला यात आणखी अडचणी. एक, टायर रुंद. पोर्शे ९११ चे मागचे टायर जवळजवळ ३० सेंटिमीटर रुंद असतात. कोरड्या रस्त्यावर हे वरदान, पण मऊ बर्फावर रुंद टायर बर्फात रुतून खाली जाण्याऐवजी वरच तरंगतो. दोन, अशा अनेक गाड्यांची ताकद मागच्या चाकांना मिळते. थंड टायरवर अॅक्सिलरेटर जरा जास्त दाबला गेला, की मागचा भाग पुढे यायला बघतो. तीन, तापमान दहा अंशांनी उतरलं की टायरमधली हवाही साधारण दीड-दोन पीएसआयने कमी होते.

'पण गाडीत एबीएस आहे, स्टॅबिलिटी कंट्रोल आहे, ऑल व्हील ड्राइव्ह आहे ना!' आहे. पण इलेक्ट्रॉनिक्स फक्त असलेली पकड नीट वाटून देतं, नसलेली निर्माण करू शकत नाही. ऑल व्हील ड्राइव्हने गाडी सुटते झकास. थांबायची वेळ आली की ती इतर गाड्यांसारखीच.

आणि 'थोडी पळवली की टायर गरम होतील' हा समज फॉर्म्युला वनमधून आलाय. तिथे टायर ब्लँकेटमध्ये गुंडाळून आधीच तापवतात आणि सेफ्टी कारच्या मागे ड्रायव्हर गाडी डावी-उजवी हलवत राहतात, कारण थंड टायरवर त्यांचीही गाडी घसरते. साध्या रस्त्यावर, दोन अंशांत, टायरला मिळालेली ऊब गार हवा आणि गार डांबर भराभर काढून घेतात.

विंटर टायर वेगळा कसा?

जगातला पहिला विंटर टायर फिनलंडमध्ये १९३४ साली तयार झाला, तोही ट्रकसाठी. आजच्या विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्यावर ब्लेडने कापल्यासारख्या असंख्य बारीक चिरा असतात. त्या चिरांमध्ये बर्फ अडकतो आणि बर्फ बर्फाला धरतो, स्नोबॉल करताना होतं तसंच. हाच टायर उन्हाळ्यात मात्र फारच मऊ पडतो, लवकर झिजतो. म्हणून तिकडे घरोघरी टायरचे दोन सेट असतात. 'ओ ते ओ', म्हणजे ऑक्टोबर ते ओस्टर्न, अर्थात ईस्टर, हा जर्मन लोकांचा टायर बदलायचा साधा नियम.

कायद्याचं मात्र वेगळं आहे. जर्मनीत २०१० पासून नियम तारखेवर नाही, परिस्थितीवर चालतो. रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा दव गोठून झालेला थर असेल तर हिवाळ्याला योग्य टायर हवेतच. नसतील तर ६० युरो दंड आणि फ्लेन्सबुर्गच्या नोंदवहीत एक पॉइंट. अपघात झाला तर दंड १२० युरो. विमा कंपनी निष्काळजीपणाकडे बोट दाखवून भरपाईला कात्री लावू शकते, ते वेगळंच. विद्यार्थ्याच्या ब्लॉक्ड अकाउंटला हे झेपणारं नाही.

मग आपण काय करायचं?

पुण्यात पारा आठ-नऊवर आला की बातमी होते, पण तेवढ्यासाठी टायर बदलायची काहीच गरज नाही. दुपारपर्यंत रस्ता तापतोच. प्रश्न येतो तो डिसेंबरमध्ये गाडी घेऊन थेट मनालीला जाणाऱ्यांचा. अटल बोगद्याच्या पलीकडे, सावलीतल्या वळणावर, डांबर नुसतं ओलं दिसतं आणि प्रत्यक्षात तो पारदर्शक बर्फ असतो. महाराष्ट्रातून नेलेल्या गाडीचे टायर त्यासाठी बनवलेलेच नसतात. तिथे चेन लावा नाहीतर स्थानिक ड्रायव्हरची गाडी करा. पोलिसांनी 'फोर बाय फोर किंवा चेनवाल्याच गाड्या पुढे' म्हटलं तर हुज्जत घालू नका.

परदेशात असाल तर काउंटरवर किल्ली हातात घेण्याआधी खाली वाका आणि टायरची बाजू बघा. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असं चिन्ह हवं. नुसतं 'एम प्लस एस' लिहिलेलं असेल तर ते १ ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीत चालत नाही. चिन्ह नसेल आणि अंदाज शून्याच्या आसपासचा असेल, तर साधी हॅचबॅक मागा, पण विंटर टायरवाली. पूल, जंगलातला रस्ता आणि पहाटेची वेळ इथे जास्त सांभाळा, बर्फ आधी तिथेच धरतो. स्टिअरिंग, ब्रेक, अॅक्सिलरेटर, सगळं हळू. पुढच्या गाडीपासूनचं अंतर नेहमीच्या कितीतरी पट ठेवा.

आणि मागच्या सीटवर बसणाऱ्यांसाठीही एक काम आहे. गाडी चालवणारा मित्र 'काही होत नाही रे' म्हणाला, तर टायरवरचं चिन्ह दाखवायला सांगा. ते वाचायला जर्मन यावं लागत नाही.