ड्रॅगन, दप्तर आणि आई

पावसात भिजलेलं मांजराचं पिल्लू फ्रॉकमध्ये गुंडाळून लेक घरात आली. नेमकी तेव्हाच फरशी पुसून झाली होती. मग काय, माझ्या तोंडाचा पट्टा सुटला! पिल्लू बाहेर आणि लेक कोपऱ्यात. रात्रीपर्यंत अबोला.

त्याच आठवड्यात तिला ‘माय फादर्स ड्रॅगन’ हे पुस्तक मराठीतून सांगायला घेतलं आणि सुरुवातीलाच मी चपापले. अमेरिकेच्या रूथ स्टाइल्स गॅनेट यांचं हे १९४८ सालचं पुस्तक. त्यातला एल्मर एका भटक्या मांजरीला घरी आणतो, गुपचूप दूध पाजतो. आईला कळतं. एल्मरला मार बसतो आणि मांजरीला दार दाखवलं जातं. तीच मांजर त्याला सांगते, की दूर एका बेटावर ड्रॅगनचं पिल्लू दोरीने बांधून ठेवलंय. ढगावरून पडून ते जखमी झालं आणि बेटावरचे प्राणी त्याला नदीच्या फेऱ्या मारायला लावतात.

एल्मर जहाजात लपून निघतो. हातात तलवार-बिलवार काही नाही. दप्तरात काय, तर च्युइंगगम, टूथब्रश, कंगवा, रिबिनी! वाघांना तो च्युइंगगम चघळायला लावतो. शिंग मळलं म्हणून दुःखी झालेल्या गेंड्याला ब्रश आणि पेस्ट देतो. आयाळीचा गुंता झालेल्या सिंहाला कंगवा आणि रिबिनी. हा सिंहसुद्धा आपल्या आईच्या रागाला भितो बरं का! शेवटी एल्मर चाकूने दोरी कापतो आणि ड्रॅगनच्या पाठीवर बसून दोघे उडून जातात.

गॅनेटबाई रसायनशास्त्र शिकलेल्या, पुढे सात मुलींची आई झाल्या. २०२४ मध्ये, वयाची शंभरी गाठून त्या गेल्या. ड्रॅगन म्हटला की त्याला मारायचं, असं सांगणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. इथे मात्र ज्याची जी अडचण, ती ओळखून वाट काढायची. आपण बायका घरात रोज दुसरं काय करतो?

गोष्ट संपली तशी लेकीने विचारलं, “आई, एल्मरने हे सगळं त्याच्या आईला का नाही सांगितलं गं?”

मला पटकन उत्तर देता येईना. मैत्रिणींनो, आपल्या धाकाने मुलं शहाणी होतात, असं आपण समजतो. पण कधी कधी ती फक्त सांगायचं बंद करतात.

दुसऱ्या दिवशी मागच्या पायरीवर दुधाची बशी मीच ठेवली. पिल्लू अजून आलेलं नाही. लेक मात्र ओट्याशी उभी राहून शाळेतलं सगळं सांगायला लागलीय.