मंचेरियलवरचा उंबरठा

थंडी सुरू झाली की हैदराबादहून एक सूचना निघते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बलून केंद्रातून रात्री-पहाटे मोठे फुगे सुटणार आहेत, त्यांची उपकरणं रंगीत छत्रीला लटकून कुठंही उतरू शकतात. दिसली तर हात लावू नका, आत उच्च दाबाची वीज असू शकते. जवळच्या पोलिस ठाण्यात कळवा, बक्षीस मिळेल. सूचनेत एक रेषा असते, विशाखापट्टणम–हैदराबाद–सोलापूर. तिच्या उत्तरेकडचे जिल्हेही यादीत असतात आणि त्यांतला एक मंचेरियल.

मंचेरियल आपल्याला माहीत आहे ते बल्लारशाहहून काजीपेटकडे जाणाऱ्या गाडीतून, सिंगरेणीच्या कोळशामुळे, गोदावरीमुळे. २०१६ पर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यात होतं. प्राणहिता ओलांडली की पलीकडे सिरोंचा, म्हणजे आपला गडचिरोली. हैदराबादपासून सरळ रेषेत हे गाव दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर. इथल्या एखाद्या कापसाच्या रानात वीस-चाळीस मीटर लांब दोरीला अडकवलेली खोकी उतरली, तर ती कशासाठी वर गेली होती हे त्या रानाच्या मालकाला कुणीतरी नीट सांगितलं पाहिजे, असं मला फार वाटतं. कारण त्या खोक्यांचा संबंध त्याच्याच डोक्यावरच्या आकाशाशी आहे.

अवकाशातून पृथ्वीवर सतत कणांचा मारा होत असतो. त्यांना वैश्विक किरण म्हणतात. किरण हे नाव जुन्या समजुतीतून चिकटलं. खरं तर ते कण आहेत, त्यांतले बहुतेक प्रोटॉन. हवेच्या वरच्या थरांत ते अणूंवर आदळतात, त्यातून नवे कण फुटतात, ते पुन्हा आदळतात. जमिनीपासून पंधरा-वीस किलोमीटरवर ही गर्दी सर्वांत दाट असते. खाली आपल्यापर्यंत पोचतात ते मुख्यतः म्यूऑन नावाचे कण, तळहाताएवढ्या जागेतून दर सेकंदाला एखाद-दोन. सिंगरेणीच्या भूमिगत खाणीत उतरलेल्या कामगारालाही ते पूर्णपणे सोडत नाहीत, फक्त विरळ होतात.

हा मारा सगळीकडे सारखा नसतो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र येणाऱ्या कणाला वळवतं. ध्रुवांजवळ क्षेत्ररेषा जवळजवळ उभ्या असल्यानं दुबळा कणही आत शिरतो. विषुववृत्ताकडे रेषा आडव्या असतात आणि कणाला त्या ओलांडाव्या लागतात. ओलांडण्यासाठी लागणाऱ्या किमान जोराला मी उंबरठा म्हणेन. शास्त्रज्ञ तो गिगाव्होल्टमध्ये मोजतात. ध्रुवांकडे तो एकाहून कमी असतो. हैदराबादजवळ सुमारे १७, मंचेरियललाही जवळपास तितकाच. म्हणजे सरळ वरून येणाऱ्या प्रोटॉनकडे सुमारे १६ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा नसेल, तर तो इथं पोचतच नाही. जगातल्या सर्वांत उंच उंबरठ्यांपैकी हा एक.

हैदराबादेत केंद्र उभं राहिलं, त्यामागचं एक मोठं कारण हे आहे. आकाशातून येणारे क्ष-किरण आणि गॅमा किरण मोजायचे, तर वैश्विक किरणांचा गोंगाट जितका कमी तितकं बरं. दख्खनवर तो कमी असतो. १९३९-४० मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट मिलिकन पेशावर, आग्रा आणि बंगळुरूला फुगे सोडायला आले, तेही अक्षांशाबरोबर हा मारा कसा बदलतो हे पाहण्यासाठीच. त्या काळात होमी भाभा बंगळुरूलाच होते. १९४५ मध्ये त्यांनी टाटा संस्था काढली आणि वैश्विक किरण हा तिच्या पहिल्या विषयांपैकी एक ठरला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस उस्मानिया विद्यापीठाच्या आवारातून फुगे उडू लागले, आणि १९६९ मध्ये शहराच्या ईसीआयएल भागात कायमचं केंद्र झालं.

फुगा म्हणजे प्लॅस्टिकचा पडदाच. जाडी काही मायक्रॉन, आपल्या केसाहून कितीतरी पातळ. त्यात हायड्रोजन भरतात, आणि तोही वरच्या टोकाला थोडासाच. जमिनीवर फुगा चुरगळलेल्या पदरासारखा लोंबत असतो. चढेल तसा बाहेरचा दाब कमी होतो, वायू पसरतो, आणि तीस-चाळीस किलोमीटरवर तो पूर्ण फुलतो. एवढ्या नाजूक कापडाचे तुकडे जोडायचे आणि कुठेही टाचणीएवढंही भोक राहू द्यायचं नाही, या कामातली कारागिरी मला शोधनिबंधांइतकीच मोलाची वाटते. काम संपलं की खालून संदेश जातो, उपकरणं सुटतात आणि छत्री उघडते.

मराठी वाचकाला या केंद्राची एक ओळख आधीपासून असेल. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ आणि २००५ मध्ये इथूनच फुगे सोडून ४१ किलोमीटरपर्यंतच्या हवेचे नमुने बंद नळकांड्यांत आणले होते. २००५ चे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात आणि हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संस्थेत तपासले गेले. त्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या, आणि एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचं नाव दिलं गेलं, जॅनिबॅक्टर हॉयली. अतिनील किरण सोसण्याची त्यांची ताकद जवळच्या जातींहून जास्त होती.

या सगळ्यात सूर्य कुठे आहे? सूर्यापासून सतत कणांचा वारा वाहतो आणि त्याचं चुंबकीय क्षेत्रही सोबत येतं. बाहेरून येणाऱ्या वैश्विक किरणांना या वाऱ्याच्या विरुद्ध पोहावं लागतं. सुमारे अकरा वर्षांच्या चक्रात सूर्यावर डाग वाढले, की वारा खवळतो आणि पृथ्वीपर्यंत कमी कण पोचतात. सूर्य शांत झाला की जास्त येतात. एखादं सौरवादळ पृथ्वीवरून गेलं, तर काही तासांत मारा घटतो आणि भरून यायला दिवस लागतात. स्कॉट फोरबुश यांनी १९३७ मध्ये ही घट नोंदवली, म्हणून ती त्यांच्या नावानं ओळखली जाते.

याची नोंद झाडंही ठेवतात. वैश्विक किरण हवेत कार्बन-१४ तयार करतात आणि झाड तो आपल्या लाकडात साठवतं. १६४५ ते १७१५ या काळात सूर्यावर डाग जवळजवळ नव्हते. शिवरायांचा राज्याभिषेक १६७४ चा, म्हणजे त्या शांत सूर्याखालचा. तेव्हा वाढलेल्या लाकडाच्या वलयांत हा कार्बन अपेक्षेहून थोडा जास्त भरतो. मला ही गोष्ट कळली, तेव्हापासून जुन्या वाड्याची तुळई पाहिली की मी थांबतो.

मात्र सूर्याचा हा हात मुख्यतः दुबळ्या कणांवर चालतो, आणि दुबळे कण तर मंचेरियलच्या उंबरठ्याबाहेरच अडलेले. म्हणून ध्रुवांकडच्या वेधशाळांत जो चढउतार ठळक दिसतो, तो इथं जेमतेम काही टक्के उरतो. तो पकडायला फार मोठं आणि फार काटेकोर यंत्र हवं. असं यंत्र टाटा संस्थेनंच उटीला उभारलं आहे, ग्रेप्स-३. त्याच्या म्यूऑन दुर्बिणीत सहा मीटर लांबीच्या ३,७१२ पोलादी नळ्या आहेत, कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या प्रयोगातून आलेल्या. त्यांवर काँक्रीटचा जाड थर आहे. दिवसाला सुमारे ४०० कोटी म्यूऑन मोजले जातात, म्हणून सूक्ष्म फरकही निसटत नाही.

२२ जून २०१५ च्या रात्री या नळ्यांनी नवल टिपलं. सूर्यातून निघालेला चुंबकीय ढग पृथ्वीवर आदळला होता. अशा वेळी मारा घटायला हवा. पण सुमारे दोन तास म्यूऑन उलट वाढले. ग्रेप्स-३ च्या पथकाच्या मांडणीनुसार त्या आघातानं पृथ्वीचं चुंबकीय कवच दबलं आणि काही काळ दुबळं झालं. एरवी परत फिरणारे कण आत आले. उंबरठाच दोन तासांसाठी खाली बसला होता. त्या रात्री दक्षिण भारत झोपेत होता, आणि कुणाला काही जाणवलंही नसेल.

आताचं सौरचक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचा कळस जाहीर झाला. आता सूर्य हळूहळू शांत होत जाईल आणि पुढच्या काही वर्षांत दख्खनवरचा मारा किंचित वाढेल. थंडीच्या रात्री हैदराबादेतून फुगे चढत राहतील. पहाटे रानात जाणाऱ्या माणसाला लांबून रंगीत छत्री दिसली, तर त्यानं शेजाऱ्याला हाक मारावी, खोक्यावरचा पत्ता वाचावा आणि ठाण्यात फोन करावा.