पाकिटातली शंभर नाणी

जुईनगर स्टेशनजवळच्या एका सिडकोच्या घरात रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर स्वच्छ पांढरं कापड अंथरलं जातं. त्यावर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, एक भिंग, सुती हातमोजे आणि वीस रुपयांच्या नाण्यांचं एक सीलबंद पाकीट. घरातले निवृत्त संग्राहक पाकीट आधी काट्यावर ठेवतात. आकडा येतो ८५८.

वीसचं एक नाणं ८.५४ ग्रॅमचं, म्हणजे शंभर नाण्यांचे ८५४ ग्रॅम झाले. वरचे चार ग्रॅम प्लास्टिकचे. पाकीट मधे कुणी उघडलं होतं का, हे वजनावरून कळत नाही. पण आतली दोन नाणी जरी काढून घेतलेली असली तरी काटा ते लगेच दाखवतो.

शंभराचं पाकीट ही काही संग्राहकांची कल्पना नव्हे. लोकांकडून चिल्लर घेताना शंभर-शंभर नाण्यांची प्लास्टिकची पाकिटं घेणं सोयीचं, असं रिझर्व्ह बँकेनंच बँकांना सांगितलं आहे. चलनात न फिरलेली नाणी अशाच पाकिटांत किंवा कागदी रोलमध्ये हौशी मंडळींपर्यंत पोहोचतात.

मग पाकीट हलक्या हाताने फिरवत सालाखालची खूण शोधायची. हिऱ्याची चौकट दिसली तर नाणं मुंबईच्या टांकसाळीचं, तारा असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं. काहीच नसेल तर कोलकात्याचं. मुंबईची टांकसाळ फोर्टात, जुईनगरहून हार्बर लोकलने सीएसएमटी गाठलं की चालत जाण्याच्या अंतरावर. एकाच सालाची, एकाच किमतीची, पण चार टांकसाळींची चार पाकिटं संग्राहकाच्या लेखी चार वेगळ्या वस्तू असतात.

कोरं नाणं बिनओरखड्याचं असतं, हा मोठा गैरसमज आहे. यंत्रातून पडताना, मोजणीत, गोणीत नाणी एकमेकांवर आपटतातच. फरक असतो तो झळाळीत. नाणं दिव्याखाली हळूहळू कललं की उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा पृष्ठभागावर फिरतो. ते नाणं हाताळलं गेलं असेल, तर अशोकस्तंभावरच्या सिंहांच्या उंच भागांवर हा पट्टा तुटतो. म्हणून नाणं कधीही पुसायचं नाही; पॉलिश केलेलं नाणं चकाकतं, पण त्याची मूळ झळाळी कायमची गेलेली असते.

किमतीचा प्रश्न अवघड आहे. अमेरिकेत १९५० साली डेन्व्हरच्या टांकसाळीत पाच सेंटची जेमतेम २६ लाख नाणी पाडली गेली. लोकांनी त्यांचे रोल साठवले, साठच्या दशकाच्या सुरुवातीला भाव भडकले आणि मग कोसळले. कारण सरळ होतं: नाणी कमी असली तरी जवळजवळ सगळी कोरीच जपलेली होती. आपल्याकडे २०२२ मध्ये स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवाचं बोधचिन्ह असलेली एक, दोन, पाच, दहा आणि वीसची नाणी आली, तेव्हाही अनेकांनी पाकिटं बाजूला ठेवली. ती सगळ्यांनीच जपली, तर दुर्मीळ कशी होणार?

उलट दहाच्या पहिल्या द्विधातू नाण्यांकडे पाहा. त्यांच्यावर साल २००५, पण ती लोकांच्या हाती आली २००९ मध्ये. तेव्हा ती खर्चली गेली, पाकीट ठेवायचं फार कुणाला सुचलं नाही. माझ्या मते खरी किंमत अशाच पाकिटांना येते, ज्यांच्याकडे त्या वेळी कुणाचं लक्ष नव्हतं.

या संग्राहकांच्या वहीत प्रत्येक पाकिटापुढे साल, खूण, वजन, कुठून घेतलं आणि किती दिले, एवढं लिहिलेलं असतं. अंदाजे भावाचा रकानाच नाही.

जुन्या नाण्यांना लाखो रुपये देऊ असं सांगून आधी कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. आपल्या नावाने असे व्यवहार करायला कुणालाही परवानगी दिलेली नाही, हेही तिने स्पष्ट केलं. घरात पाकीट असेल तर कोरड्या जागी ठेवा, वजन करून लिहून ठेवा, आणि विकण्यासाठी आधी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.