चमचाभर सोड्याचे रसायन

गेल्या पावसाळ्यात एका पहाटे पाच वाजता बहात्तर वर्षांच्या आजोबांना त्यांचा मुलगा माझ्याकडे घेऊन आला. रात्री एक वाजल्यापासून त्यांच्या छातीत जळजळत होते. घरच्यांनी चमचाभर खाण्याचा सोडा पाण्यात ढवळून दिला. मोठा ढेकर आला, आजोबांना ‘जरा बरे’ वाटले आणि सारे निजले. ईसीजीत मात्र हृदयविकाराचा झटका स्पष्ट दिसत होता. आजोबा वाचले, परंतु वाया गेलेले चार तास त्यांच्या हृदयाला महागात पडले. त्या ढेकराने सर्वांची फसगत कशी केली, हे समजण्यासाठी आपण थोडे रसायनशास्त्र पाहू.

हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो आणि त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा होतो, हे आपण पाहिलेच असेल. साबण आम्लारिधर्मी, लिंबू आम्लधर्मी. ही आम्लता मोजण्याची ‘सामू’ ही मोजपट्टी डॅनिश शास्त्रज्ञ सोरेन सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये मांडली. शुद्ध पाण्याचा सामू ७. त्याहून कमी ते आम्ल, अधिक ते आम्लारी. सामू एका अंकाने उतरला की आम्लता दहापट वाढते. आपल्या जठरातील हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू साधारणपणे १.५ ते ३.५ असतो.

सोडा या आम्लाला भेटला की मीठ, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. तो वायू म्हणजेच ढेकर. जठरात आम्ल निरोगी माणसाच्याही असते आणि हृदयविकाराच्या रुग्णाच्याही. म्हणून ढेकर आला, याचा अर्थ सोडा आम्लाला भेटला, एवढाच. दुखण्याचे मूळ जठरात आहे, हे त्यावरून मुळीच सिद्ध होत नाही.

आता वेगाविषयी. पाण्यात विरघळलेला सोडा आम्लाशी क्षणार्धात अभिक्रिया करतो. गोळीचे तसे नसते. तिचे जितके बारीक कण होतील, तितका आम्लाशी संपर्क वाढतो आणि वेगही वाढतो. म्हणूनच आम्लपित्ताच्या काही गोळ्या चावून खाण्यास सांगतात. मात्र प्रत्येक गोळी चावू अथवा कुटू नये. काही गोळ्यांवर जठरातील आम्लात टिकणारे आणि पुढे आतड्यात विरघळणारे आवरण असते. गिळण्यास त्रास होतो म्हणून आजी-आजोबांना गोळ्या कुटून देणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

सोड्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. सपाट चमचाभर सोड्यात सुमारे १२०० मिलिग्रॅम सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅमहून कमी आहे. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आहारात मीठ जपून वापरायचे आणि सोडा मात्र निःशंक घ्यायचा, हे विसंगत आहे. मॅग्नेशियम व ॲल्युमिनियमयुक्त पातळ औषधे मूत्रपिंडाच्या रुग्णांनी सल्ल्याशिवाय घेऊ नयेत. आम्लनाशके थायरॉइडची गोळी, लोह आणि काही प्रतिजैविके यांचे शोषण कमी करतात. थायरॉइडच्या गोळीत व त्यांच्यात चार तासांचे अंतर ठेवावे.

जळजळीसोबत छातीत दाब, घाम, धाप, अथवा हात, जबडा किंवा पाठ यांत वेदना असेल, तर ढेकराची वाट पाहू नका. तत्काळ १०८ क्रमांकावर संपर्क साधा. ज्येष्ठांना, स्त्रियांना आणि मधुमेहींना झटक्याच्या वेळी कधी केवळ मळमळ, थकवा किंवा अस्वस्थपणाच जाणवतो. त्यांच्या बाबतीत अधिक सावध राहावे. काळी शौचास होणे, घास अडकणे, वजन घटणे किंवा वारंवार जळजळ होणे, यांसाठीही डॉक्टरांना भेटणे आवश्यक आहे.

सोडा स्वयंपाकघरात असू द्यावा. ढोकळ्याला तो हवाच. मध्यरात्री छातीत जळजळू लागले, तर मात्र निदानाचे काम त्याच्यावर सोपवू नये. आराम लवकर पडला, म्हणजे आजार ओळखला गेला असे नव्हे.