गडगडाटी ढग आणि आयनांबरातली रिंगणे

२० मे २०१३ रोजी अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातील मूर शहराला टोर्नेडोचा तडाखा बसला. त्यानंतर सुमारे ३०० किलोमीटर उंचीवर, आयनांबरात, एकात एक अशी वर्तुळे उमटली आणि कित्येक तास पसरत राहिली. जपानी संशोधकांना ती सापडली जीपीएसच्या नोंदींत. उपग्रहाचा संदेश आयनांबरातून येताना तिथल्या इलेक्ट्रॉनांमुळे किंचित रेंगाळतो. दोन वारंवारितांचा हा विलंब ताडून पाहिला की वाटेतले इलेक्ट्रॉन मोजता येतात.

ही वर्तुळे टोर्नेडोची नव्हेत, त्याला जन्म देणाऱ्या प्रचंड ढगाची. टोर्नेडो त्यामानाने किरकोळ. अशा ढगात हवा ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाने वर उसळते आणि तपांबराच्या माथ्यावर आदळते. वरचे स्थितांबर तिला थारा देत नाही. भोवतालच्या हवेहून जड झाल्याने ती खाली येते, वेगाच्या भरात समतोलाच्या खाली जाते, पुन्हा वर ढकलली जाते. या वरखाली होण्यातून निघणाऱ्या लहरींना गुरुत्व लहरी म्हणतात. (‘लायगो’ वेधशाळा ज्या गुरुत्वीय लहरी टिपते त्या वेगळ्या, नावातले साम्य मात्र हटकून घोळ घालते.) ढगातून कानांना न जाणवणारा अवध्वनीही निघतो. मूरच्या वेळी सुमारे चार मिनिटांच्या आवर्तनाची स्पंदने दिसली, ती त्याचीच खूण.

एवढ्या उंचीवर लहर पोचते कशी? उंचीबरोबर हवा झपाट्याने विरळ होते. लहरीची ऊर्जा तेवढीच, पण हलवायचे वस्तुमान कमी. त्यामुळे आंदोलन वाढत जाते. बऱ्याच लहरी वाटेतच फुटतात किंवा वरच्या वाऱ्यात विरतात. उरलेल्या आयनांबरातील विद्युतभारित कणांना हेलकावे देतात.

चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते, म्हणून हा विषय इथे महत्त्वाचा. सूर्यास्तानंतर त्या पट्ट्यातील आयनांबराचा तळ अस्थिर होतो. खालून आलेली लहर तिथे ठिणगीचे काम करू शकते: विरळ प्लाझ्माचे बुडबुडे वर चढतात आणि उपग्रहसंदेश लुकलुकू लागतात. मात्र प्रत्येक वादळानंतर असे घडत नाही. सौरवादळांचा प्रभाव तर याहून कितीतरी मोठा, आणि दोन्ही वेगळे काढणे हीच संशोधकांची खरी डोकेदुखी. कोल्हापूरहून भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे कॅमेरे निरभ्र, अंधाऱ्या रात्री आकाशाची मंद वायुदीप्ती टिपतात. तिच्यातल्या काळ्या पट्ट्या म्हणजे हेच बुडबुडे.