वीस किलो पाणी, दोन बोटांनी!

एक लिटरची बाटली पाण्याने भरा. कोपर दुमडून ती अंगाजवळ धरा. सोपंय ना? आता हात खांद्यातून समोर ताठ करा आणि शंभरपर्यंत आकडे मोजा. शंभर येईपर्यंत हात लटपटायला लागेल, बघा! बाटली तीच, पाणी तेवढंच. मग वजन वाढलं कुठून?

वजन वाढलंच नाही. वाढलं ते अंतर. सी-सॉवर छोटी ताई टोकाला बसली आणि बाबा मधल्या दांड्याजवळ, तर ती बाबांनाही वर उचलू शकते. आपल्या हाताचा सी-सॉ मात्र उलटा आहे. दंडाचा स्नायू कोपरापासून जेमतेम ४-५ सेंटीमीटरवर हाडाला जोडलेला असतो आणि बाटली असते ३०-३५ सेंटीमीटर लांब, तळहातात. म्हणून कोपर दुमडलेलं असतानाही १ किलोची बाटली तोलायला त्या बिचाऱ्या स्नायूला ७ किलोच्या आसपास जोर लावावा लागतो! हात ताठ केला, की बाटली खांद्यापासून आणखी लांब जाते, म्हणून तो लटपटतो.

आता पुण्यातल्या कुठल्याही दुकानात, ऑफिसात किंवा घरात दिसणारा पाण्याचा तो मोठा जार आठवा. २० लिटर पाणी म्हणजे जवळपास २० किलो, वर जारचं वजन वेगळं. कुणीतरी कमरेत वाकतं, जार लांबूनच धरून उचलतं आणि माठात उलटा करतं. इथे सी-सॉचा मधला दांडा म्हणजे कंबर! जार जितका लांब, तितकी पाठ ओरडणार. सगळं अगदी सोयीचं असतानासुद्धा एका माणसाने २३ किलोपेक्षा जास्त उचलू नये, असं अमेरिकेतल्या कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेने सांगितलंय. हे मोठ्यांसाठी हं! तुम्ही जारच्या वाटेला जाऊच नका.

मग आपल्या पणज्या रोज इतकं पाणी कशा भरायच्या? त्यांच्याकडे युक्त्या होत्या. कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याच्या घागरी बनतात. घागरीचं पोट गोल आणि गळा अरुंद. ती कमरेवर टेकते आणि हाताचा वेढा तिच्या गळ्याभोवती बसतो. म्हणजे वजन अंगाला चिकटून. डोक्यावर चुंबळ ठेवून हंडा घेतला, तर वजन थेट कण्याच्या वर. अंतर जवळजवळ शून्य! कावडीत दोन बाजूंना दोन भांडी, त्यामुळे माणूस एका अंगाला कलत नाही.

पण हे पाणी यायचं कुठून? नानासाहेब पेशव्यांनी साधारण १७५० च्या सुमारास कात्रजचं पाणी जमिनीखालच्या नळातून पुण्याच्या हौदांत खेळवलं. शिवाय वाड्यावाड्यांत आड, म्हणजे अरुंद विहिरी, होत्याच. त्यांतलं पाणी मात्र खोल. आडात पोहरा सोडायचा आणि रहाटावरून दोर ओढून पाणी शेंदायचं. तुम्हाला वाटेल, रहाटामुळे पोहरा हलका होतो. अजिबात नाही! उलट चाकाच्या घर्षणामुळे जोर थोडा जास्तच लागतो. फायदा वेगळाच आहे. आडात वाकून दोर वर खेचण्याऐवजी ताठ उभं राहून तो खाली ओढता येतो. खाली ओढताना आपल्या शरीराचं वजनही मदतीला येतं.

इथवर पाणी नुसतं वर आलं. ते ओतायचं कुणी? याचं झकास उत्तर शेतकऱ्यांकडे होतं : मोट. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी. मोठ्या मोटेत शंभर लिटरहूनही जास्त पाणी मावायचं. तिला खाली हत्तीसारखी सोंड असायची. मोटेच्या तोंडाला जाड दोर, तो नाडा. सोंडेला बारीक दोर, तो सोंदूर. विहिरीतून वर येताना सोंदूर सोंडेला वर दुमडून धरायचा, म्हणून पाणी सांडायचं नाही. बैल उताराच्या धावेवरून खाली चालायचे, म्हणजे त्यांचंही वजन कामी यायचं. मोट काठाशी आली, की नाडा तिला वरच्या चाकाकडे न्यायचा आणि सोंदूर सोंडेला खालच्या रुळावरून पुढे खेचायचा. सोंड मोटेपेक्षा खाली गेली, की भसाभस पाणी थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या कुंडात! कुणी हात लावायचा नाही, कुणी वाकायचं नाही. साताऱ्याजवळ लिंब गावात बारा मोटेची विहीर आहे. तिथे एकाच वेळी बारा मोटा चालतील अशी सोय केलेली होती.

पाण्याऐवजी बादलीत वितळलेलं लोखंड असेल तर? पूर्वी कारखान्यांत कामगार लांब दांड्यांनी ती बादली कलती करायचे. जरा तोल गेला, की भाजलंच. १८३८ मध्ये जेम्स नेस्मिथ या स्कॉटिश इंजिनिअरने बादलीच्या आसाला दातेरी चाक आणि स्क्रू जोडला. हातचाक पुष्कळ फिरवलं, की बादली जराशीच कलायची. पण त्यामुळे जोर कमी लागायचा, आणि हात सुटला तरी ती आपोआप उलटायची नाही.

आता आपल्या जारकडे या. बाजारात त्याच्यासाठी झुलता स्टँड मिळतो. त्याचा आस जारच्या गुरुत्वमध्याजवळून जातो, म्हणजे ज्या बिंदूभोवती सगळं वजन तोललं जातं, त्याच्याजवळून. सगळा भार स्टँड पेलतो आणि आपण जार फक्त कलवायचा. त्याला दोन बोटंही पुरतात! पण जार स्टँडवर एकदा चढवावा लागतोच. तेवढंही नको असेल, तर जारच्या तोंडावर बसणारा छोटा पंप घ्या. जार जमिनीवरच राहतो, पाणी तेवढं वर येतं.

हे पटत नसेल, तर न्हाणीघरात करून बघा. पाऊण भरलेल्या बाटलीच्या दोन बाजूंना, समोरासमोर, सुतळीची दोन टोकं चिकटपट्टीने पक्की चिकटवा आणि बाटली टांगा. आधी सुतळी गळ्यापाशी, मग मध्याच्या थोडं खाली, मग बुडाजवळ लावा. कुठे बाटली हट्टाने उभी राहते? कुठे बोट लावताच कलते? आणि कुठे स्वतःच कोलांटी मारते? मग अर्धं पाणी ओतून टाका आणि पुन्हा शोधा : बोट लावताच कलण्याची जागा आता वर सरकली की खाली?